बॅटरी, हायड्रोजन आणि अण्णांची जीप

तुम्हाला शेवटी डिझेलच्या गाडीतूनच नेलं. जन्मभर ज्या धुराशी भांडलात, तोच धूर मागे सोडत तुमच्या थोरल्या भावाची, अण्णांची जीप दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. मी तुमच्या उशाशी बसले होते. वाटलं, आता डोळे उघडाल आणि म्हणाल, "अण्णा, इंजान बंद कर. ढकलत नेऊया." तुम्ही काही बोलला नाहीत. वादाचा विषय समोर असताना तुम्ही गप्प राहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

विहारातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पडला. बेळगावच्या पॉलिटेक्निकमधले तुमचे सहकारी बोलले, शहापूरच्या गल्लीतली माणसं बोलली. ज्यानं त्यानं हेच सांगितलं, यशवंतराव फार शांत माणूस, कुणाला कधी उलटून बोलले नाहीत. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायकांना वाटलं, हुंदका आला. खरं तर मला हसू आवरेना. ह्या शांत माणसाचा आवाज निपाणीच्या घरात, पुढ्यात ताट असताना किती चढायचा, हे बेळगावात कुणाला ठाऊक?

म्हणून हे लिहायला बसले. तुमचं शिक्षण, नोकरी, सगळं तिथं सांगून झालं. आपल्या भांडणाबद्दल मात्र कुणी बोललं नाही, आणि आपल्या संसारातलं सगळ्यात चांगलं काय होतं असं मला विचाराल तर ते भांडणच होतं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा निपाणीला आले ते दिवस आठवतात? अरबांनी तेल आवळलं होतं. पेट्रोलचा भाव चढतच चालला होता, आणि माणसं पावसाबद्दल बोलावं तसं पेट्रोलबद्दल बोलायची. तुमच्या आई तंबाखूच्या वखारीतून नुकत्याच घरी आल्या होत्या. त्यांच्या लुगड्याला येणारा तो उग्र वास मला नवा होता. दारात अण्णांची जीप उभी होती. तुमचे वडील गेल्यावर अण्णा कोवळ्या वयात स्टिअरिंगवर बसले आणि निपाणी-चिकोडी रस्त्यावर माणसं भरून वडाप करत त्यांनी तुम्हाला इंजिनिअर केलं, हे तुम्ही मला लग्नाआधीच सांगितलं होतं. सांगताना तुमचा आवाज भरून आला होता.

आणि त्याच अण्णांना तुम्ही जेवताना म्हणालात, "अण्णा, तुझ्या पेट्रोलचे दिवस भरले."

अण्णांनी भाकरी मोडली. "आनि मग जीप कशावर पळवू? तुझ्या श्वासावर?"

"बॅटरीवर. शहरातल्या मोटारी उद्या बॅटरीवर चालणार. आवाज न्हाय, धूर न्हाय."

"आरं, पेट्रोल म्हंजे पेट्रोल. पंपावर गेलं, नळी घातली, निघालं. तुझी बॅटरी भरंस्तवर माझी गिऱ्हाइकं चिकोडीला चालत पोचतील."

"तुझ्या टाकीतलं निम्म्याच्या वर पेट्रोल नुसतं बॉनेट तापवाय जातंय. हात लावून बघ."

"हात भाजतोय म्हंजी ताकद हाय!"

आई मला म्हणाल्या, "तू जेव गं विमल. ह्यांचं रोजचं हाय." मी नवी नवरी. गप्प बसायला हवं होतं. पण मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दोघांचंही चुकतंय. पुढची गाडी हायड्रोजनवर चालेल. पाण्यातून काढायचा, जाळला की पुन्हा पाणी."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी भर पंगतीत तुमचं ताट ओढून घेतलं. मग सुरू झालात. विजेनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन गोळा करायचा, दाबून भरायचा आणि परत जाळायचा, त्यापेक्षा तीच वीज सरळ चाकाला का देऊ नये? हा द्राविडी प्राणायाम कशाला? मी म्हटलं, कारण ती वीज साठवायला तुम्हाला शिसं लागतं. बाटलीभर पेट्रोलात जेवढा दम असतो, तेवढा साठवायला कमरेत वाकून उचलावं लागेल इतकं शिसं. गाडी माणसं वाहणार की शिसं? तुम्ही म्हणालात, शिशाच्या जागी उद्या दुसरं काहीतरी येईल. मी म्हटलं, तसा हायड्रोजन ठेवायलाही उद्या काहीतरी येईल. अण्णा म्हणाले, "म्हंजी दोघांचंबी उद्याच. आज जीपच हाय न्हवं?"

ते हसले, आईही हसल्या. मग अण्णांचं हसू ओसरलं आणि ते हळूच म्हणाले, "यशा, ह्याच पेट्रोलवर तू शिकलास, एवढं ध्यानात ठेव."

तुम्ही पुढचा घास घेतला नाहीत. मला तेव्हा कळलं की हा वाद फक्त मोटारीचा नव्हता. तुम्ही निपाणीत यावं, दोघांनी मिळून गॅरेज काढावं, अशी अण्णांची फार इच्छा होती. तुमचं बॅटरीचं वेड त्यांना भावानं पाठ फिरवल्यासारखं वाटायचं. आणि तुम्हाला वाटायचं, ज्यानं स्वतःचं शिक्षण सोडून आपल्याला शिकवलं, त्याला आपल्या शिकण्याचं काहीतरी डोळ्यांनी दिसलं पाहिजे. हे तुम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही. दोघांनीही वेगवेगळं मला सांगितलंत.

मग ती गाडी झाली. एका डॉक्टरांची इंजिन गेलेली जुनी मोटार तुम्ही आणलीत. बंद पडलेल्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टरच्या दिव्याला वीज देणारा डायनामो धूळ खात पडला होता, त्याचीच तुम्ही मोटर केलीत. ट्रकच्या बॅटऱ्या मागच्या बाजूला ओळीनं बसवल्या. ॲसिडनं तुमच्या शर्टांना इतकी भोकं पडली की मी ठिगळं लावायचं सोडून दिलं. पहिल्यांदा ती गाडी पॉलिटेक्निकच्या मैदानात चालली तेव्हा आवाज असा नव्हताच, फक्त खडी चिरडल्याची कुरकुर. तुम्ही खिडकीतून डोकं काढून ओरडलात, "विमल, ऐक! काहीच ऐकू येत नाही!"

तुम्हाला तिथंच थांबायला हवं होतं. पण तुम्हाला अण्णांना दाखवायचं होतं. गाडी ट्रकवर घालून निपाणीला नेलीत आणि सांगून टाकलंत, तवंदीचा घाट चढून हिच्यावर संकेश्वरला जाणार. अण्णा म्हणाले, "घाट चढलास तर जीप इकतो." सकाळीच निघालो. तुम्ही आणि मी पुढं. आई जीपमध्ये बसेनात. "माझ्या ल्योकाची गाडी हाय, मी हितंच बसनार," म्हणून त्या मागे बॅटऱ्यांना चिकटून बसल्या. मागून अण्णांची जीप, तीत गल्लीतली झाडून सगळी माणसं.

सपाटीवर काय ऐटीत गेलो आपण! सायकलवाले वळून बघत होते. घाट लागला आणि गाडीचा वेग असा उतरत गेला जसा म्हाताऱ्या माणसाचा जिना चढताना उतरतो. तुम्ही खटका पुढं ओढलात. थोडी उचल खाल्ली. दुसऱ्या वळणावर मोटरचं वाइंडिंग जळल्याचा वास आला, आणि खालून धुराची बारीक रेघ निघाली. आई म्हणाल्या, "यशा, काय तरी करपतंय रं." तुम्ही ब्रेक दाबून बसून राहिलात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या चढावर.

जीपमधली माणसं हसत खाली उतरली. मी अण्णांकडे बघितलं. जो माणूस इतकी वर्षं टर उडवत आला, तो हसत नव्हता. त्यांनी मागं वळून सगळ्यांना एकच शब्द सुनावला, "गप्प!" मग आईंना म्हणाले, "आये, जीपमधी बस."

"बसते. पर ह्याची गाडी हितं सोडून जायाचं न्हाय. दोर बांध."

अण्णांनी स्वतः खाली वाकून दोर बांधला. पेट्रोलच्या जीपनं बॅटरीची गाडी घाटावर ओढून नेली. वर चहाच्या टपरीपाशी थांबलो. तुम्ही चहाला हात लावला नाहीत. अण्णा तुमच्या शेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, "माझी जीपबी पैल्या साली ह्याच घाटात बंद पडलती. मी रडलतो. आईला ठावं न्हाय."

आई पलीकडूनच म्हणाल्या, "ठावं हाय."

त्यानंतर बेळगावला आल्यावर तुम्ही गाडीवर ताडपत्री टाकलीत आणि तिच्याकडं बघणं सोडलंत. कॉलेज, घर, जेवण, झोप. माझ्याशी वादसुद्धा नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, बॅटरीत काही दम नाही, तर तुम्ही म्हणालात, "नसेल." त्या एका शब्दानं मी घाबरले. तुमचा पराभव मला चालला असता, तुमचा होकार चालेना.

म्हणून मी माझा उद्योग काढला. फवारणीच्या पंपाचं छोटं इंजिन मिळवलं, फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये प्रयोगशाळेतला हायड्रोजन भरला आणि तुम्हाला म्हटलं, "चला, हे इंजिन माझ्या गॅसवर चालतं का बघू. मला एकटीला कार्ब्युरेटर कळत नाही." तुम्ही आढेवेढे घेत आलात. पण एकदा पाना हातात आल्यावर तुमची बोटं आपोआप चालायला लागली. नळी कुठं जोडायची, हवा किती सोडायची, सगळं तुम्हीच ठरवलंत. ज्याच्यावर तुमचा तिळभर विश्वास नव्हता त्या हायड्रोजनसाठी तुम्ही पोटतिडकीनं काम करत होता. अण्णा त्या दिवशी जीपचे पार्ट न्यायला बेळगावात आले होते, तेही येऊन उभे राहिले.

इंजिन चालू झालं. खरंच चालू झालं! मी एक्झॉस्टपुढं स्टीलचं ताट धरलं, त्याच्यावर बारीक थेंब जमले. अण्णांनी बोट लावून चाटलं. "पानीच हाय की रं!" तुम्ही म्हणालात, "पेट्रोलच्या धुरातही पाणी असतंच, त्यात काय," आणि तेवढ्यात कार्ब्युरेटरमधून बंदुकीसारखा बार झाला. अण्णा उडी मारून भिंतीआड गेले. ब्लॅडर नळीसकट लांब उडाला. कुणाला काही लागलं नाही. अण्णा भिंतीआडून ओरडले, "ही बाई आपल्याला उडवून मारनार!" आणि तुम्ही हसायला लागलात. जमिनीवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. घाटानंतर पहिल्यांदा.

घरी येताना म्हणालात, "तुझा हायड्रोजन पळतो, मान्य. पण त्याला राहायला घर नाही."

मी म्हटलं, "आणि तुमच्या बॅटरीला घर आहे, पण तिला पळता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली.

सत्तरचं दशक सरता सरता पेट्रोलची पुन्हा ओरड झाली. निपाणीच्या पंपावर साठा संपल्याची पाटी लागली आणि अण्णांची जीप दारात उभी राहिली. तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही रजा टाकून निपाणीला गेलात. जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवायचं अण्णांनी ठरवलं होतं, आणि तुम्ही दोघं भाऊ त्या उघड्या बॉनेटमध्ये डोकी घालून दिवसच्या दिवस राबत होता. आई मला म्हणाल्या, "बघ, अण्णाला गॅरेजात भाऊ पायजे हुता. गावला."

जीप सुरू झाल्यावर तुम्ही हात पुसत म्हणालात, "अण्णा, इंधन बदलता येतंय, हे तूच दाखवलंस बघ."

"व्हय रं. पर बॅटरी न्हाय घातली ह्यात!"

"आज न्हाय घातलीस."

 ह्यावर अण्णांनी तुमच्या पाठीत एक धपाटा घातला.

आपल्या शहापूरच्या गल्लीची गोष्ट त्यानंतरची. समोरच्या बसाप्पाकाकांच्या घरात दिवसभर मागांची खटखट चालायची, आणि तयार साड्यांचे गठ्ठे पेठेत न्यायला एक तीनचाकी टेम्पो यायचा. गल्ली एवढी अरुंद की त्याचा धूर घरात शिरायचा. एकदा मोतिया रंगाच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर काजळी बसली आणि काका दारात डोकं धरून बसले. तुम्ही ओट्यावरून ते बघत होता. संध्याकाळी मला म्हणालात, "विमल, गाडी चुकीची नव्हती. मी तिला रस्ता चुकीचा दिला."

मग तुम्ही सगळं नव्यानं मांडलंत. घाट नको, लांब पल्ला नको. रोज तीच गल्ली, तीच पेठ, तेवढंच वजन, आणि संध्याकाळी परत त्याच दारात. बॅटरीला ह्याहून सोयीचं काय? जळलेल्या मोटरचं वाइंडिंग नव्यानं गुंडाळून घेतलंत, जुन्या गाडीतल्या बॅटऱ्या एका तीनचाकी हातगाडीच्या सांगाड्यावर चढवल्यात. बसाप्पाकाका साशंक होते. "मास्तर, शॉक बसंल काय साड्यास्नी?" पण त्यांनी पहिला गठ्ठा स्वतःच्या हातानं ठेवला.

गाडी गल्लीतून गेली आणि कुणाला कळलंच नाही. मागांची खटखट सुरूच होती, तिच्यात ही बिनबोभाट सरकत गेली. देवळापाशी एक म्हातारी दचकून ओरडली, "चोरावानी येतंय मेलं!" म्हणून तुम्ही दुसऱ्याच दिवशी सायकलची घंटी बसवलीत. पुढं ती गाडी वर्षानुवर्षं चालली. बॅटऱ्या थकल्या की काका नव्या आणायचे. पावसाळ्यात बंद पडायची, तुम्ही छत्री डोक्याशी धरून दुरुस्त करायचा. शरावतीच्या धरणात पाणी कमी झालं आणि वीजकपात आली की मी विचारायची, "आता कुठं गेली तुमची वीज?" तुम्ही म्हणायचा, "तुझा हायड्रोजन करायलाही तीच वीज लागते." ते खरंच होतं. पण मी ते कबूल कधी केलं नाही, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

अण्णा एकदा ती गाडी बघायला मुद्दाम आले. गठ्ठ्यांवर बसून पेठेपर्यंत जाऊन आले. उतरल्यावर काय म्हणतात म्हणून तुम्ही परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखे उभे. अण्णा म्हणाले, "गल्लीत चालती. चालती बाबा." एवढंच. तुम्ही त्या रात्री दोनदा ताट वाढून घेतलंत.

मग छातीचं दुखणं आलं. दवाखान्यात तुम्ही पांढऱ्या चादरीवर इतके बारीक दिसायचा. डॉक्टर मला बाहेर नेऊन बोलायचे आणि मी आत येऊन हसायची. एके दुपारी तुम्ही विचारलंत, "पुढं काय होईल गं? कोण जिंकेल?" मला वाटलं, आता ह्यांना बरं वाटेल असं बोलावं. म्हटलं, "तुमची बॅटरीच. हायड्रोजनचं काही खरं नाही."

तुम्ही डोळे मिटले. मग उघडलेत ते रागानं. "मी आजारी आहे म्हणून तू हरू नकोस. भांड."

मी खुर्ची पुढं ओढली आणि भांडले. लांबच्या रस्त्याला, जड ट्रकला तुमची बॅटरी काय कामाची ते सांगितलं. तुम्ही धापा टाकत उत्तर दिलंत. मी हायड्रोजन धातूत मुरवून ठेवण्याचं नवं संशोधन वाचलं होतं ते काढलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे परत धातूच! माझ्या शिशाला नावं ठेवलीस, आता तूच वजन वाहतेस?" माझा आवाज एवढा चढला की नर्सबाई धावत आल्या आणि मला रागावल्या, पेशंटला त्रास देताय म्हणून. तुम्ही त्यांना म्हणालात, "त्यांना बोलू द्या. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय." माझ्याशी नीट बोललात ते तेवढंच शेवटचं. तुमचा हात मी हातात घेतला नाही, कारण मी मुद्दे बोटांवर मोजत होते. मला त्याचं दुःख नाही. तुम्हाला तसंच हवं होतं.

काल अण्णा आले होते. आता ते थकलेत, तुम्ही गेल्यावर जीप दुसऱ्याच्या हाती दिलीय. चहा झाला. तुमच्या खुर्चीत बसावं की नको ह्या विचारात थोडे थबकले आणि मग बसले. गल्लीत माग खटखटत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"विमल, खरं सांगू? हे बॅटरी-फिटरी गल्लीपुरतं ठीक हाय. लांब जायाचं तर डिझेल न्हायतर पेट्रोलच. जग बुडालं तरी."

मला कळलं, ते तुमचंच जुनं भांडण उकरून काढत होते. डोळे भरून आले, पण मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या टाकीतलं निम्म्याच्या वर तेल बॉनेट तापवायला जातं. आज शिसं जड आहे, म्हणून काय कायम जडच राहील? रोज जाऊन परत घरी येणाऱ्या जेवढ्या गाड्या आहेत, त्या सगळ्या एक दिवस विजेवर येणार. वीस वर्षं लागोत, पन्नास लागोत. येणार."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "आनि तुझा हायड्रोजन?"

"त्याचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी ह्यांचा मुद्दा पुरा होऊ दे."

आणि मी बोलत राहिले. तुमचे सगळे मुद्दे, एकामागून एक, तुम्ही मांडायचा त्याच क्रमानं, कुठंही न अडखळता. अण्णा मध्येच तोडायला बघत होते, मी त्यांना तोडू देत नव्हते. आवाज चढला तसे बसाप्पाकाका समोरच्या दारात येऊन उभे राहिले. मी थांबले नाही. मी जिंकत होते.